पेंडुलमचं सायन्स किट: सामान झकास, पुस्तिका ढिसाळ

भाचीसाठी दादर वेस्टच्या एका दुकानातून घेतलं, साडेसहाशेला. ती सहावीत आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा परीक्षेला बसलीय, लेखीतून पुढे गेली की प्रॅक्टिकल असतं, म्हणून ताई म्हणाली गाईडं पुरे झाली, हाताने करायचं काहीतरी आण.

सामान खरंच चांगलंय. लोखंडी स्टँड अजिबात डगमगत नाही, दोरा जाड, कोनमापक, आणि तीन गोळे, स्टील, लाकूड, प्लास्टिक. स्टॉपवॉच नाहीये पण मोबाईलवर भागतं. फक्त एकच झोका मोजत बसू नका, बटण दाबण्यातच पाव सेकंद जातो, वीस झोके मोजायचे आणि वीसने भागायचं. दोरा पाव मीटर ठेवला तर जाऊन येऊन साधारण 1 सेकंद, एक मीटरला 2 सेकंद, म्हणजे लांबी चौपट तर वेळ दुप्पट, हे पोरीने स्वतः शोधून काढलं आणि जाम खूश झाली.

घोळ पुढे आहे. पुस्तिका म्हणते एका वेळी एकच व्हेरिएबल (म्हणजे बदलता येणारी गोष्ट) बदला, बरोबर, आणि मग गोळा बदलून बघायला सांगते, वजनाने फरक पडत नाही असं उत्तर पण खालीच छापलंय (मग प्रयोग कशाला करायचा?). आम्ही केला तर लाकडाच्या गोळ्याला वीस झोक्यांत अर्धा सेकंद जास्त. तीन वेळा तेच. कारण लाकडाचा गोळा मोठा, स्टीलचा छोटा, आणि लांबी मोजायची ती गोळ्याच्या मध्यापर्यंत, दोऱ्याच्या गाठीपर्यंत नाही. म्हणजे पोर वजन बदलतंय असं समजतं आणि लांबी पण गुपचूप बदललेली असते. पट्टी लावून दोरा दीड सेंटीमीटर आखूड केला आणि फरक गायब! खरं तर किटमधला हाच सगळ्यात भारी प्रयोग, पण पुस्तिकेत त्याचा पत्ताच नाही.

कोनाचंही तसंच, 'कितीही कोनातून सोडा, वेळ तोच' असं छापलंय. अहो नाही. दहा-पंधरा अंशांपर्यंत ठीक, 60 अंशांवरून सोडला तर वेळ सातेक टक्के वाढतो. आणि पहिल्याच पानावर चौकट आहे, 'तुमची थिअरी लिहा', जिथे मुलांनी अंदाज लिहायचाय. नुसता अंदाज म्हणजे थिअरी नव्हे. जड गोळ्याला पृथ्वी जास्त जोरात ओढते पण तो हलवायलाही तेवढाच जड, म्हणून हिशेब बरोबरीत सुटतो, हे कारण थिअरीत येतं, ते कुठेच नाही. 1672 मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसचं पेंडुलम घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला तर ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, घड्याळ तेच, लांबी तीच, जागा तेवढी बदललेली. न्यूटनने नंतर सांगितलं की पृथ्वी मध्ये फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरतेय, त्यामुळे विषुववृत्ताकडे ओढ किंचित कमी पडते आणि झोक्याला वेळ जास्त लागतो. असलं एक पान टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

पुस्तिकेतला मूग उगवायचा प्रयोग सोडूनच द्या, एक कप खिडकीत, एक कपाटात, म्हणे उजेडाचा परिणाम बघा. खिडकीतला कप वाळतोही लवकर, त्याचं काय? आणि हो, पेंडुलमच्या वेळी पंखा बंद ठेवा, मे महिन्यात मुंबईत हे जमलं तर.

दुकानाबद्दल तक्रार नाही, कोनमापकाला तडा होता तर काकांनी बिल न बघता बदलून दिला. पाचपैकी साडेतीन, सोबत मोठं माणूस बसणार असेल तरच घ्या. घरात दोरा अडकवायला खिळा असेल तर किटही नको, वजन बदलायला हार्डवेअरवाल्याकडून सारखे तीन नट आणा, फक्त एकाखाली एक बांधू नका, एकाच गाठीत बांधा, नाहीतर लांबी परत बदलली.