लेझरने चष्मा घालवण्याची सेवा : जळगावातील एका नेत्र रुग्णालयाचा अनुभव

जळगाव, धुळे, भुसावळ या शहरांत लेझरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या जाहिराती आता चौकाचौकांत दिसतात आणि त्यांत दोनच गोष्टी ठळक असतात : यंत्राचे नाव आणि सवलतीचा दर. या दोहोंवरून सेवेचा दर्जा कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. शस्त्रक्रियेआधीची तपासणी किती कसून होते आणि डोळा योग्य नसेल तर रुग्णालय स्पष्ट नकार देते का, हे पाहावे. मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच रुग्णालयात गेलो होतो. माझी शस्त्रक्रिया झाली, त्याला परत पाठवले गेले, आणि या रुग्णालयाला मी चांगले म्हणतो ते मुख्यतः त्या नकारामुळे.

सॉफ्ट लेन्स दोन आठवडे आधीपासून बंद ठेवायला सांगितल्या होत्या, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदलतो आणि मापे चुकतात. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून अश्रू किती झिरपतात ते पाहिले, थेंब घालून बाहुली मोठी केली व मागचा पडदा तपासला, आणि मग कॉर्नियाची जाडी मोजली. डॉक्टरबाईंनी माझा हिशेब कागदावर मांडून दाखवला : जाडी 540 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वरचा पातळ पापुद्रा म्हणजे फ्लॅप 110 मायक्रॉनचा, आणि मायनस साडेचार नंबरसाठी लेझर घासून काढणार तो थर साधारण 65 मायक्रॉनचा. खाली 365 मायक्रॉन उरतात. हा आकडा 250 च्या खाली कधीच जाऊ नये, आणि बहुतेक डॉक्टर 300 तरी राखतात, असे त्यांनी सांगितले.

भावाचा नंबर माझ्याहून कमी होता आणि जाडीही पुरेशी होती. परंतु टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या तपासणीच्या, रंगीत नकाशात मध्यभागाच्या खाली एक लालसर पट्टा दिसत होता, म्हणजे तेवढ्या भागात कॉर्निया अधिक उभार घेत होता. ही केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराची, सुरुवात असू शकते, आणि अशा डोळ्यावर लेझर चालवले तर आधीच कमकुवत असलेला कॉर्निया पुढे फुगत जाऊन दृष्टी कायमची बिघडू शकते. तो जिनिंगमध्ये काम करतो. कापसाच्या तुसाने डोळे खाजतात आणि तो ते सारखे चोळतो. बाईंनी त्याला निक्षून सांगितले, “आधी डोळे चोळणे बंद कर. खाज थांबायला थेंब देते. सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढू, तोवर लेझरचा विषय नको.” याच डोळ्यांसाठी दुसऱ्या एका ठिकाणी केवळ नंबर तपासून त्याला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. या रुग्णालयात तपासणीचे शुल्क वेगळे घेतात आणि ते परत मिळत नाही. अनेकांना ते खटकते, मला ते रास्त वाटते, कारण नकार दिल्याने तपासणाऱ्याचे नुकसान होत नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डोळा बधिर असतो, फ्लॅप कापताना दाब जाणवतो आणि काही क्षण अंधारून येते. नंतर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचे. केस जळल्यासारखा वास येतो, पण डोळा भाजत नाही : 193 नॅनोमीटरचे एक्सायमर लेझर उतीतील रासायनिक बंध तोडून अतिशय पातळ थर उडवते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचे कॅलेंडर मला चष्म्याशिवाय वाचता आले.

खरी परीक्षा पुढे होती. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात, त्या पुन्हा वाढायला कित्येक महिने लागतात आणि तोवर डोळे कोरडे पडतात. आपल्याकडे वैशाखात पारा 44-45 अंशांवर जातो आणि उन्हाची झळ थेट डोळ्यांत शिरते; तेव्हा कृत्रिम अश्रूंची बाटली मला खिशात बाळगावी लागली. त्यामुळे खानदेशात ही शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या तोंडावर करू नये, असे मी म्हणेन. रात्री चोपडा रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांभोवती वलये दिसत. ती हळूहळू विरळ झाली, पूर्ण गेली नाहीत. हे माझ्यापुरते नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी अशी तक्रार नसलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी वलये, चमक यांसारखे किमान एक नवे लक्षण जाणवत होते, आणि चौथाईहून अधिक जणांना कोरडेपणाची नवी तक्रार होती. त्याच अभ्यासात बहुसंख्य लोक आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते, आणि त्या लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे 1 टक्क्याहून कमी होते. या दोन्ही बाजू रुग्णाला आधी सांगायला हव्यात.

येथेच रुग्णालय कमी पडले. संमतीपत्र इंग्रजीत होते आणि ते शस्त्रक्रियेच्या दिवशीच हातात दिले गेले. माझ्या शेजारी बसलेल्या पारोळ्याच्या शेतकरी बाबांनी ते न वाचताच मुलीच्या वतीने चाळले आणि तिने सही केली. समुपदेशक ताईंनी “चष्मा कायमचा गेला” असे सांगितले, तेही अर्धवट होते, कारण चाळिशीनंतर जवळचे वाचण्याचा चष्मा लेझर झालेल्यांनाही लागतो. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी जाहिरातीतील वैद्यकीय निकष आधी वाचावेत. वय अठराच्या आत असेल, वर्षभरात नंबर बदलला असेल, गरोदरपण किंवा अंगावर पाजणे चालू असेल, तर थांबावे.

एक कागद मात्र मागून घ्यावा लागला : शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापांची प्रत. पुढे मोतीबिंदू झाला तर बसवायच्या लेन्सची शक्ती ठरवताना ही मापे उपयोगी पडतात, आणि कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो, हे तेव्हाच्या डॉक्टरांना कळावे लागते. मागितल्यावर त्यांनी ती फाईल तत्काळ दिली. ती प्रत्येक रुग्णाला न मागता द्यावी, ही माझी त्यांना विनंती आहे.