मेडिनिला बेळगावात: दोन पावसाळे काढल्यावर

ज्या गावात थंडी नीट पडते तिथे राहत असाल तर मेडिनिला हे गुलाबी घोसांचं शोभेचं झाड जरूर घ्या. एप्रिलात दुपारी घरी कुणीच नसतं असं घर असेल तर मात्र पैसे वाचवा. दीडेक वर्ष हे झाड सांभाळल्यावर माझं मत एवढ्यावर येऊन थांबलंय. पुढचं सगळं ज्यांना घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी.

मी म्हणते ते मेडिनिला मॅग्निफिका. मूळचं फिलिपिन्सचं. तिथल्या डोंगराळ, दमट जंगलात मोठ्या झाडांच्या बेचक्यात हे झुडूप वाढतं. बांडगूळ नव्हे. यजमान झाडाचा रस वगैरे काही पीत नाही, फक्त बसायला जागा घेतं. जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं आणि मग युरोपात ते काचघरातल्या हौशी, श्रीमंत लोकांचं झाड झालं. बेल्जियमच्या राजा बोदुआँला त्याचं इतकं वेड होतं की राजवाड्याच्या काचघरात त्याने ते वाढवलं, आणि पुढे तिकडच्या १०,००० फ्रँकच्या नोटेवरही ते छापलं गेलं. आपल्याला यातलं लक्षात ठेवायचं ते एकच: याची मुळं मातीत राहायला शिकलेलीच नाहीत.

कुळ म्हणाल तर आपल्या अंजनाचंच. खानापूर-जांबोटीच्या रानात उन्हाळ्यात फांद्यांना चिकटून निळे झुबके येतात ना, तेच अंजन. दोन्ही झाडं शेजारी ठेवली तर नातं कुणाला पटणार नाही. मेडिनिलाची पानं वीत-दीड वीत लांब, जाड, चकचकीत, आणि फिकट शिरा देठापासून निघून कमानीसारख्या टोकाकडे जातात. खोड चक्क चौकोनी, कडांना पातळ पंख असलेलं. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी ते खोडच चिमटीत धरून बघतो.

रोप मी ऑनलाइन मागवलं. साडेबाराशे रुपये, कुरिअरचे वेगळे. फोटोत फुलांनी लगडलेलं झाड, खोक्यातून निघालं ते चार पानांचं रोप. त्याबद्दल तक्रार नाही, एवढ्या पैशात फुलावरचं झाड कोण देणार? तक्रार आहे ती सोबत आलेल्या छापील कागदाबद्दल. त्यावर लिहिलेलं: पूर्ण सावली, रोज पाणी, महिन्याला शेणखत. तिन्ही सल्ले या झाडाला न मानवणारे आहेत. पूर्ण सावलीत ते जगतं पण फुलत नाही, रोजच्या पाण्याने मुळं कुजतात, आणि शेणखताने कुंडीतली हवाच बंद होते. कागद बाजूला ठेवला आणि पहिल्याच आठवड्यात रोप त्या गच्च कोकोपीटमधून काढलं.

कुंडी आणि भरण यावर जरा सविस्तर लिहिते, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. आमच्या शहापुरातल्या परड्यातली तांबडी माती गुलाबाला, जास्वंदीला झकास आहे. इथे तिचा चमचाभरही उपयोग नाही. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, फोडलेला लाकडी कोळसा, विटांचे खडे आणि वर मूठभर गांडूळखत, एवढंच. सोडण बादलीत भिजत घालायचं, तांबूस पाणी ओतून टाकायचं, परत भिजत घालायचं, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत. वरून तांब्याभर पाणी ओतलं की ते खालून लगेच धावत बाहेर आलं पाहिजे. जरा जरी वर तुंबून राहिलं, तर भरण फार बारीक झालंय असं समजा.

कुंडी मी खानापूरहून करून आणली. खानापूरची मातीकामाची ख्याती इकडे सगळ्यांना ठाऊक आहे, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. कुंभारमामांना मी कुंडीच्या अंगालाही भोकं पाडायला सांगितली तर ते म्हणाले, “आक्का, पाणी राहायचं न्हाई यात.” म्हटलं, तेच पाहिजे. कच्च्या कुंडीला सुरीने भोकं पाडून, भाजून दिली. प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा हिला पाणी जास्त वेळा लागतं, पण आत हवा खेळते आणि उन्हात मुळं तापत नाहीत. जुलैतल्या झडीत तर मला हीच कुंडी पाहिजे.

आता ऋतूंकडे येते.

मार्च-एप्रिल हा परीक्षेचा काळ. बेळगाव थंड हवेचं म्हणून आपण मिरवतो, पण तेव्हा दुपारी पारा ३६-३७ अंशांवर जातो आणि वारा कोरडा असतो. मेडिनिलाला उष्णतेपेक्षा हा कोरडेपणा जास्त बाधतो. पानांच्या कडा आधी तपकिरी होतात, मग आत वळतात. पानांवर पाणी फवारून फार तर दहा-पंधरा मिनिटांचा दिलासा. त्यापेक्षा मी कुंडी विहिरीच्या कट्ट्याजवळ जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवते, वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट, आणि दुपारी जमिनीवर बादलीभर पाणी. जांभा पाणी पिऊन घेतो आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू सोडत राहतो. घरात ही पाळी सासऱ्यांची. तेही कधी बाहेरगावी गेले की त्याच दिवसाची खूण पानावर उमटते, आणि ती करपलेली कड पुढे भरून येत नाही. पान गळेपर्यंत तशीच.

याच दिवसांत लाल कोळी येतो. पान वरून निस्तेज, धुळकट दिसायला लागलं की उलटं करून बघायचं. बारीक जाळी आणि हलणारे ठिपके दिसले की पाइपचा फवारा पानाखालून मारायचा, एक दिवसाआड, आठवडाभर. औषधाची गरज मला लागली नाही. मग वळीव आला की झाडाचा नूर एका रात्रीत बदलतो.

पाणी कुठलं द्यायचं हाही प्रश्न आहे. आमच्या विहिरीच्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर येतो, तो या झाडाला सोसत नाही. म्हणून छपराचं पावसाचं पाणी बॅरलमध्ये धरते, ते संपलं की नळाला येईल त्या दिवशी भरून ठेवलेलं. विहिरीचं पाणी जमिनीवर मारण्यापुरतं.

पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांच्या आत, उजेडाच्या कडेला. दमटपणा याला आवडतो हे खरं, पण आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही अशी झड लागते, त्यात उघड्यावर ठेवलेल्या झाडाच्या पानांवर काळे डाग पडतात आणि बुंधा मऊ होतो. मी तेव्हा पाणी जवळजवळ बंदच करते. नवी पालवी मात्र याच काळात फुटते, म्हणून खतही याच काळात. १९:१९:१९ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे) हे विद्राव्य खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पावपट, पंधरवड्यातून एकदा. नवरात्राच्या सुमारास एकदा १३:०:४५, तेही तितकंच पातळ. अथणीकडच्या द्राक्षवाल्यांच्या रोजच्या वापरातली ही खतं, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. “ऑर्किड स्पेशल” म्हणून चिमुकल्या बाटलीत दुप्पट-तिप्पट भावाने घ्यायची काही गरज नाही.

आणि थंडी. हे झाड आपल्या भागात का ठेवावं याचं उत्तर इथे आहे.

मेडिनिलाला कळी धरायला काही आठवडे १५ ते १७ अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, सोबत पाणी कमी. युरोपातले उत्पादक त्यासाठी काचघराचं तापमान मुद्दाम उतरवतात. आपल्याकडे दिवाळी झाली की रात्री तो गारवा आपोआप मिळतो, फुकट. माझ्या नणंदेने मडगावला माझ्याच सोबत, त्याच ठिकाणाहून रोप मागवलं. तिचं झाड माझ्यापेक्षा दुप्पट भरलेलं आहे, पानाला एक डाग नाही, उन्हाळ्यात गोणपाट-बिणपाट काही नाही, समुद्राची दमट हवा आहेच. पण फूल? अजून नाही. तिथे थंडीतली रात्रही विशीच्या खाली फारशी उतरत नाही, आणि झाडाला थांबायची सूचनाच मिळत नाही; ते आपलं पानं काढत बसतं. ती मला खत विचारते. खताने काय होणार?

उलट बाजूही सांगते. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री बेळगावचा पारा अकरा-बारापर्यंत येतो. दहाच्या खाली गेला तर झाडाला इजा होते. अशा रात्री कुंडी सोप्यात आणायची, भिंतीशी. सकाळी परत जागेवर.

कळी जानेवारीच्या शेवटी दिसली. शेंड्याच्या दोन पानांच्या मधोमध फिकट गुलाबी, बंद, हरभऱ्याएवढं काहीतरी. चार दिवसांत ते वाकलं आणि खाली उतरायला लागलं. वरची मोठी गुलाबी पुष्पपत्रं आधी उघडली, पातळ, शिरा स्पष्ट दिसणारी. ती वर उचलली गेल्यावर आतून खालचा मजला, त्याच्या खाली आणखी एक. खरी फुलं या पुष्पपत्रांच्या खाली लोंबणारी, नखाएवढी, कोरल गुलाबी, आत पिवळे-जांभळे पुंकेसर. देशोदेशीच्या काचघरांत हा घोस हातभर होतो म्हणतात. माझा पहिला वीतभरच होता. शेजारच्या आक्का कानडी, त्यांनी कुंपणावरून हात घालून पुष्पपत्र चिमटीत धरलं आणि विचारलं, “खरे हूव ऐतेन्री?” खरं फूल आहे का म्हणून. प्लॅस्टिकचं वाटावं इतकं ते घडीव दिसतं, हे कौतुक समजायचं की टीका ते तुम्ही ठरवा.

कळी दिसल्यापासून कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही. उजेडाची दिशा बदलली की कळ्या गळतात. टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या बाईंनी प्रदर्शनातून ऐन फुलावरचं झाड रिक्षातून घरी आणलं, आठवड्याच्या आत खाली गुलाबी सडा आणि वर नुसती दांडी. पॉलिहाऊसच्या दमट हवेतून थेट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आल्यावर दुसरं काय होणार? विकणाऱ्याने हे एका वाक्यात सांगायला हवं होतं.

माझा घोस महिना-सव्वा महिना टिकला. वास अजिबात नाही. सासूबाईंना ते काही पटलं नाही. “वास न्हाई, गजऱ्यात न्हाई, देवाला वाहायचं तर तोडू देत न्हाईस,” हा त्यांचा आक्षेप अजून कायम आहे आणि त्यात चूक काही नाही. सुगंधासाठी झाड हवं असेल तर मोगरा लावा, सोनचाफा लावा. घोस संपल्यावर दांडी खालच्या पानजोडीपर्यंत छाटायची, मग दोन बाजूंनी फुटवा येतो.

पिठ्या ढेकणाचं सांगायचं राहिलं. पुष्पपत्रांच्या बेचक्यात तो लपतो आणि मुंग्या त्याची राखण करतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसून काढायचा. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर संध्याकाळी, आणि फुलांवर कधीच नाही.

गुटी बांधून, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून, रोप होतं. जूनमध्ये स्फॅग्नम मॉस (ओलावा धरणारं शेवाळ) गुंडाळून बांधली, मुळं भरायला दसरा उलटला. काडी लावून मात्र माझ्याकडे काही जगलं नाही.

सीमाभाग म्हटला तरी हवा सगळीकडे एक नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी डोळे झाकून लावावं, फक्त पावसाला आडोसा पक्का करावा. बेळगाव शहरात उन्हाळ्याची तजवीज केली की जमतं. चिकोडी-निपाणीत कष्ट वाढतील. अथणी, रायबागच्या कोरड्या हवेत मी तरी हे झाड कुणाला सुचवणार नाही, तिथे बोगनवेलच बरी.

घेताना एक बघा. मेडिनिला कमिंगाय नावाची वेगळी जात बऱ्याचदा मॅग्निफिका म्हणून खपवली जाते. तिला ती मोठी गुलाबी पुष्पपत्रं नसतात, नुसते बारीक फुलांचे झुबके. झाड वाईट नाही, किंबहुना सोसायला जास्त चिवट आहे, पण भाव मॅग्निफिकाचा कशाला द्यायचा? विक्रेत्याकडे त्याच झाडाचा फोटो मागा, इंटरनेटवरचा नको. आणि मागवायचं तर पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या मध्यापासून. थंडीच्या आधी मुळं धरायला वेळ मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.