आयोडीनच्या चार थेंबांत 20,030 रुपये बुडाले

आकडा आधीच सांगते, नंतर जीभ रेटणार नाही. तपासणीचे 300, ‘सदस्यते’चे 1,200, कॅप्सूलचे 3 डबे 4,850 प्रमाणे, ज्यूसच्या 2 बाटल्या 1,990 प्रमाणे. झाले 20,030. तेही रोख.

इंदूरच्या सुदामानगरात ओळखीच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. वाण लुटून झालं आणि एक बाई मशीन घेऊन बसल्या. हातात दांडी धरायची, मिनिटात कागद: ‘फ्री रॅडिकल्स फार वाढलेत’. सगळ्यांचेच वाढलेले! मग पाण्यात आयोडीनचे चार थेंब. “हे तुमचं रक्त.” वर कॅप्सूल फोडली, ढवळलं, पाणी नितळ. टाळ्या. मीही वाजवल्या.

मी, जिने बावीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं! कॅप्सूलमधलं क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करतं, त्याला रंग नसतो, इतकीच ती जादू. लिंबू पिळलं असतं तरी तेच झालं असतं, आणि पोह्यांसाठी चिरलेली लिंबं समोर ताटलीत होती. ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन दोनच महिने झाले होते, डोकं ठिकाणावर होतं कुठे?

बरं, फ्री रॅडिकल्स काही थाप नव्हे. एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे हे रेणू पेशींचं, डीएनएचं नुकसान करतात. पण आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात, ते बाईंनी गिळलं. आणि ते टिकतात क्षणभर. दांडी धरून मोजता येत नाहीत.

डबा पाहून डॉक्टर माझ्यावरच उखडले. घटकांत बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य, पहिलं, आणि हे तीस वर्षं सिगारेट ओढलेले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना ते दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढला. 1994 सालीच छापून आलंय. गोळ्यांचे घटक आधी डॉक्टरांना दाखवा, बाई.

तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. “मॅडम, पैसे तो आपने खुद दिए ना?” दुसऱ्या कार्यालयात म्हणे डब्यावर ‘औषध नाही’ छापलंय, तोंडी दाव्याचा पुरावा आणा. तिसऱ्यात पक्कं बिल हवं. माझ्याकडे वहीचा चिटोरा. साहेब जेवायला, साहेब भोपाळला, साहेब मीटिंगला. एका बाबूने तर सुचवलं, तुम्ही सदस्य आहातच, उरलेले डबे विकून टाका!

डब्यावरचा चौदा आकडी परवाना खाद्यपदार्थ म्हणून विकण्याचा असतो, रोग बरा करण्याचा नव्हे. पक्क्या बिलाशिवाय रुपया सोडू नका. जमल्यास दावे मोबाइलवर रेकॉर्ड करा.

काकूंचा रोज ‘सुप्रभात’ येतो. येत्या शनिवारी लोकमान्यनगरात पुन्हा तोच कार्यक्रम आहे म्हणे. जाणार असाल तर पर्समध्ये एक लिंबू ठेवा.