ऑफिसात सिगारेट: पूर्ण बंदी, आवारातला कोपरा की बंद खोली? मालकाने काय निवडावं

नव्या जागेत ऑफिस हलवताना किंवा कारखान्याची शेड वाढवताना सिगारेट ओढणाऱ्यांची सोय कुठे करायची, हा प्रश्न हमखास निघतो. पर्याय तीन सांगितले जातात: सगळं आवार धूरमुक्त ठेवायचं, मोकळ्यावर एक कोपरा नेमून द्यायचा, किंवा इमारतीतच स्मोकिंग रूम काढायची. इंटिरियरवाले तिसरा पर्याय नकाशात सहज बसवून देतात. तो आधी बाजूला करू, कारण बहुतेक मालकांना तो कायद्याने खुलाच नाही.

बंद खोली: कुणाला चालते?

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं (कोटपा) कलम 4 सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घालतं. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी त्यात कामाची ठिकाणं आणि कॅन्टीनही स्पष्ट घातली. इमारतीत वेगळ्या जागेची सवलत तिघांनाच आहे: किमान 30 खोल्यांचं हॉटेल, किमान 30 जणांच्या बैठकीचं रेस्टॉरंट आणि विमानतळ. आयटी कंपनी, बँकेची शाखा, सीएचं ऑफिस, गोदाम, कारखाना यांपैकी कुणीही यात बसत नाही. साहेबांची स्वतंत्र केबिनही कामाच्या ठिकाणातच मोडते.

हॉटेलवाल्यांना खोली करता येते, पण ती निगुतीने करावी लागते. चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार, थेट बाहेर जाणारा एक्झॉस्ट आणि आतला हवेचा दाब बाकी इमारतीपेक्षा कमी. ती प्रवेशाच्या किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर नको आणि आत खाणंपिणं पुरवायचं नाही. चूक बहुधा भिंतीत होते. भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच नेतात, स्लॅबला टेकवत नाहीत, आणि धूर वरच्या पोकळीतून शेजारच्या हॉलमध्ये उतरतो. दुसरी चूक एसीची: या खोलीची परतीची हवा सेंट्रल एसीत मिसळली की सगळ्या मजल्याला वास. तपासायला उदबत्ती पुरते. दार बोटभर उघडून फटीशी धरा. धूर खोलीच्या आत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला तर एक्झॉस्ट कमी पडतोय. हुक्का या खोलीतही चालत नाही. 2017 च्या दुरुस्तीने तो बंद केला आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरांवरच बंदी आणली.

आवारातला कोपरा

बाकीच्यांसाठी खरी निवड उरते ती कोपरा आणि पूर्ण बंदी यांत. कायद्याच्या व्याख्येत मोकळी जागा ‘सार्वजनिक जागे’तून वगळली आहे, म्हणून कोपरा चालतो. पण लोकांची ये-जा असलेली स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस स्टँड यांसारखी ठिकाणं उघड्यावर असली तरी नियमांनी मोकळी जागा धरलेली नाहीत. त्यामुळे ग्राहक जिथे थांबतात, ट्रकवाले जिथे रांग लावतात, तो भाग निवडू नका. दवाखाना किंवा शाळा असेल तर कोपऱ्याचा विचारच सोडा.

दारं, खिडक्या आणि एसीची हवा जिथून आत येते त्या जाळीपासून आम्ही निदान 10 मीटर अंतर सुचवतो. डिझेलची टाकी, गॅसचे सिलिंडर, रंग-थिनर, पुठ्ठ्याचे गठ्ठे जवळ असतील तर मुळीच नको. आणि पावसाळ्याचा विचार आधी करा. जूनमध्ये पहिली सर आली की माणसं पोर्चमध्ये किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये सरकतात, आणि तिथे ओढणं गुन्हा आहे. वर छत्रीसारखं छप्पर द्या, बाजू मात्र आडोशाविना ठेवा. थोटकांसाठी वाळूचं भांडं इथेच ठेवावं. आतल्या जिन्याशी टांगलेल्या लाल फायर बादलीत थोटकं साचली तर तीच ॲशट्रे ठरते, आणि आत ॲशट्रे, काडेपेटी, लायटर पुरवायला मनाई आहे.

पूर्ण बंदी

भाड्याच्या इमारतीतला एखादा मजला, कापड, रसायन, प्लास्टिक, छपाईचं काम: इथे आमचं मत ठाम, पूर्ण बंदीच. खर्च बोर्डापुरता. मात्र नुसतं पत्रक काढलं की सिगारेट संडासात, गच्चीवर आणि आग लागल्यावर सुटायच्या जिन्यात जाते, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या जागी. चहाच्या दोन सुट्ट्या वेळेवर द्या, गेटबाहेर जायला रजिस्टरची कटकट ठेवू नका, आणि बंदीच्या आधी महिनाभर सूचना द्या. सोडू पाहणाऱ्यांसाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. नंबर पत्रकात छापा.

काहीही निवडलं तरी

बोर्ड किमान 60 बाय 30 सेंटीमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. त्यात किमान 15 सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ, कडेला 3 सेंटीमीटर लाल पट्टा, मध्ये धूर निघणारी सिगारेट किंवा विडी आणि तिच्यावर तेवढाच रुंद लाल आडवा पट्टा. खाली ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’. प्रत्येक प्रवेशदाराशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टपाशी तो हवा. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव ठळक लावावं लागतं. तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर नाव बदलायला बहुतेक जण विसरतात.

ओढणाऱ्याला दंड 200 रुपयांपर्यंत. खासगी ऑफिसात संस्थाप्रमुख, एचआर मॅनेजर किंवा प्रशासनप्रमुख यांनाही तो वसूल करायचा अधिकार आहे. पैसे सरकारचे, कंपनीच्या खात्यात टाकायचे नाहीत. तक्रार येऊनही हलला नाहीत तर जितके गुन्हे तितका दंड मालकावर. पाच तक्रारी दाबल्या तर हजार. बेळगाव-हुबळीला शाखा असेल तर लक्षात ठेवा, कर्नाटकात 2025 पासून एकेका गुन्ह्याचा दंडच 1000 रुपयांपर्यंत गेला आहे. गोव्यात धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध राज्याचा 1997 चा स्वतंत्र कायदा आहे, तोही पाहून घ्या.

व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, कलम ऑफिसच्या धोरणात वेगळं लिहा. 2019 चा ई-सिगारेट कायदा उत्पादन, विक्री, साठवण, जाहिरात यांवर बंदी घालतो, ओढण्याला शिक्षा सांगत नाही. कोटपाची धूम्रपानाची व्याख्या तंबाखूवर उभी आहे. तेव्हा ‘हे कुठे सिगारेट आहे?’ असं डेस्कवर बसून कुणी विचारलं, तर उत्तर तुमच्या लेखी नियमातच हवं.