क्वांटमच्या नावानं २ लाख गेले, केबलवाल्यांनो बघून घ्या

मी खानापूर तालुक्यात केबल आणि फायबर नेटचं काम करतो. एका पतसंस्थेच्या दोन शाखा, एक खानापुरात आणि एक बेळगावात, माझ्याच लाइनीवर आहेत. चेअरमनकाका मला सारखं विचारायचे, बाबा आपला डेटा कोण मधनं ओढत नाही न्हवं? आणि त्याच आठवड्यात एक माणूस पेटी विकायला आला, मराठी छान, मधेच कन्नड, म्हणाला क्वांटम एन्क्रिप्शनची पेटी बसवा, लाइन कुणाच्या बापाला फुटणार नाही, वर स्पीडपण वाढेल.

त्यानं सांगितलेलं निम्मं खरं होतं आणि तिथंच मी अडकलो. बेनेट आणि ब्रासार्डनी १९८४ मध्ये काढलेली पद्धत, एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, पाठवून किल्ली, म्हणजे डेटा कुलूपबंद करायचा गुप्त आकडा, तयार करायची, मधे कोण डोकावला तर चुका वाढतात आणि ती किल्ली टाकून देतात, हे सगळं खरंच आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटींचं नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलं ती बातमीपण खरी. त्यातनं लोकल ऑपरेटरला सबसिडी मिळते हे मात्र साफ खोटं. पण बातमी मोबाइलवर दाखवली की माणूस पुढचं विचारत नाही बघा.

१ लाख माझे, १ लाख पतसंस्थेचे, माझ्या शब्दावर दिलेले. बेळगावच्या शाखेत एक पेटी बसवली, दुसरी आठवड्यात येते म्हणाला, ती आलीच नाही आणि त्याचा फोन बंद.

भाच्यानं पेटी उघडली तर आत साधा मीडिया कन्व्हर्टर, फायबरचा सिग्नल साध्या नेटच्या वायरीवर आणणारा, हजार-दीड हजाराचा.

मला राग याचा येतो की हे मला लाइन बघूनच कळायला पाहिजे होतं. किल्ली दोन्ही टोकांना लागते, एका पेटीनं काय होणार? आणि माझ्या लाइनीत एकाला आठचा कपलर आहे, म्हणजे एका फायबरचा उजेड आठ वाटांत वाटणारा, पुढं ईडीएफए आहे, म्हणजे उजेड वाढवणारा अँप्लिफायर. एकटा फोटॉन कपलरमध्ये वाटला जात नाही, आठातल्या एकाच वाटेनं जातो, आणि अँप्लिफायरमधनं तर त्याची अवस्था जशीच्या तशी बाहेर येऊच शकत नाही. शिवाय क्वांटम फक्त किल्ली देतं, डेटा कुलूपबंद करायला एईएससारखं नेहमीचंच एन्क्रिप्शन लागतं, म्हणजे स्पीड वाढायचा प्रश्नच कुठं येतो. कोण आला तर त्याला आधी एवढंच विचारा, दुसरं टोक कुठाय आणि मधले कपलर, अँप्लिफायर काढणार काय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी तीन आठवड्यांनी फोन केला, तोवर पैसे पुढं गेलेले. पैसे गेले की त्याच तासात करा. पोलीस स्टेशनला तक्रार कन्नडमधनं लिहून दिली, शेजारच्या मास्तरांनी मदत केली. चेअरमनकाका एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं, त्यांचे १ लाख मी हप्त्यानं फेडतोय.

निपाणी, चिकोडी, नंदगडकडं कुणाला अशी पेटी दिली असली तर टाकून देऊ नका, पावती आणि पेटीचा फोटो ठेवा आणि मला कळवा, तक्रारीला जोडायचाय.