बिल नसलेले बियाणे

तणनाशक फवारले तरी ज्याचे झाड मरत नाही, त्या कापसाच्या बियाण्याला आमच्याकडे सगळे ‘चोर बीटी’च म्हणतात; बीटी म्हणजे जनुक बदलून बोंडअळीला तोंड देणारा केलेला कापूस. नावातच चोरी असताना ते घेतलेच कशाला, हे घरच्यांनी विचारून झाले आहे. निंदणीला वेळेवर मजूर मिळत नाहीत आणि पावसाची झड लागली की डवरा, म्हणजे तण काढायचे औत, चालत नाही, एवढेच माझे उत्तर आहे.

मेअखेरीस ओळखीतल्या एका माणसाने रात्री तीन पाकिटे घरी आणून दिली आणि रोख पैसे मोजून घेतले. पावती मागितली तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, याचं कुठं बिल असते का?” मलाही ते पटले.

उगवण चांगली झाली. तिसाव्या दिवशी, त्याने सांगितल्याप्रमाणे, ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले. तीन-चार दिवस काहीच दिसले नाही. मग शेंड्याची कोवळी पाने पिवळसर पडू लागली आणि दहा-बारा दिवसांत कापसाचे तासच्या तास, म्हणजे ओळीच्या ओळी, तणासोबत वाळले. चार-पाच झाडांमागे एखादे मात्र हिरवेगार उभे होते, त्यामुळे झाला प्रकार लक्षात आला: मूठभर खरे बियाणे आणि बाकी साधी सरकी, सगळ्याला एकच रंग लावून पाकिटात भरलेले.

कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी पक्के बिल, पाकीट आणि लॉट नंबर मागितला. रिकामे पाकीट मी जपून ठेवले होते, पण त्यावर बोंडाचे चित्र आणि एक इंग्रजी नाव यापलीकडे काही नव्हते; ना उत्पादकाचा पत्ता, ना लॉट नंबर, ना उगवणशक्तीची टक्केवारी, ना तपासणीची तारीख. बियाणे कायदा १९६६ चा आणि बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा. परवानाधारक विक्रेत्याने बिल देणे त्यातच बंधनकारक आहे. त्या बिलाच्या आधारे तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते आणि पुढे ग्राहक आयोगात दादही मागता येते. माझ्याकडे पहिलाच कागद नव्हता.

शिवाय मी स्वतःच नियमाबाहेर होतो. जनुक बदललेल्या वाणांना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या जीईएसी या समितीने २००२ मध्ये बीटी कापसाला आणि २००६ मध्ये त्याच्याच पुढच्या बोलगार्ड-२ या प्रकाराला मंजुरी दिली, परंतु तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला मंजुरी मिळालेली नाही. मंजुरीवाचून असे वाण विकणे आणि लावणे हा पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांचा भंग ठरतो. ज्या ग्लायफोसेटच्या भरवशावर हा सगळा खटाटोप चालतो, त्याची शिफारसही आपल्याकडे कापसासाठी नाही. विकणाऱ्याला हे सर्व तोंडपाठ होते. जाब विचारायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, “करा ना तक्रार, पहिलं नाव तुमचंच लागंल.”

मंजुरीचा प्रश्न सरकारने इतकी वर्षे लोंबकळत ठेवला, याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हेच बियाणे उघडपणे लावून आंदोलन केले, तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी होतो. मात्र तंत्रज्ञान चांगले असणे आणि आपल्या हातातल्या पाकिटात तेच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची हमी द्यायला बाजारात कोणीच उभे नाही.

जुलै संपत आला होता. कापूस पुन्हा लावण्याची वेळ निघून गेली होती, म्हणून मोकळ्या तासांत तूर टोबून लावली. ज्यांच्या शेतात असे बिनबिलाचे बियाणे आधीच उगवून आले असेल, त्यांनी विकणाऱ्याच्या शब्दावर तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊ नये. पाकिटात साधी सरकी निघाली असली, तरी डवरणी-निंदणीवर ती निदान जगेल.