स्किल मॅट्रिक्सचा फळा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गणपतीत आमचा सेटर (नव्या कामासाठी मशीन लावून देणारा कारागीर) आठ दिवस कोकणात गावी गेला आणि दोन सीएनसी लेथ (संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन) चार दिवस बंद राहिल्या. प्रोग्रॅम मशीनमध्ये, माल रॅकवर, ऑपरेटर हजर. पण जॉब (कापायचा भाग) बदलून सेटिंग करणारा दुसरा कोणी नव्हता. भोसरीतल्या १४ माणसांच्या वर्कशॉपला हे परवडत नाही. दिवाळीनंतर सल्लागार नेमला, क्रॉस-ट्रेनिंग, म्हणजे एकाचं काम दुसऱ्यालाही शिकवणं, सुरू केलं आणि कोणाला कोणतं काम किती येतं ते दाखवणारा स्किल मॅट्रिक्सचा फळा भिंतीवर लागला.

फळा कसा असतो ते ऑटोमोबाईलला माल देणाऱ्यांना माहीत आहे. माणसाच्या नावासमोर प्रत्येक कामाचं एक वर्तुळ. त्याचा पाव भाग भरला की माणूस शिकतोय, अर्धा म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. जानेवारीअखेर आमचा फळा काळाभोर झाला होता. पैसे वसूल झाले असं तेव्हा मी मित्रांना सांगितलंही.

मे महिन्यात लग्नसराईसाठी सेटर रजेवर गेला. पाऊण वर्तुळवाला मुलगा सेटिंगला उभा केला. त्याने बोअरिंगचा, म्हणजे जॉबमधलं भोक (बोअर) कापायचा, इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं पातं) बदलला. जुना इन्सर्ट झिजत गेला तसा सेटरने एक्सचा वेअर ऑफसेट (झीज भरून काढायला मशीनमध्ये दिलेली व्यासाची दुरुस्ती) थोडा थोडा वाढवत नेला होता. नवीन इन्सर्ट लावल्यावर तो ऑफसेट काढायचा राहिला. बाहेरचा व्यास आणि लांबी त्याने नीट तपासली, बोअर मात्र कालच बरोबर होता म्हणून सोडून दिला. संध्याकाळी प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी) लावला तर आत जायलाच नको ती नो-गो बाजू सरळ आत गेली. २२ जॉब स्क्रॅप. बोअर लहान असता तर पुन्हा कापता आला असता, मोठ्या झालेल्या बोअरचं काय करणार?

मुलाला मी एक शब्द बोललो नाही. तीन महिने त्याने त्या मशीनला हात लावला नव्हता, कारण मीच त्याला डिस्पॅचला अडकवून ठेवलं होतं. माझा राग आहे तो फळ्यावर. वर्तुळ भरायची सोय आहे, पुसायची कोणी सांगतच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना शिकवण्याची टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) पद्धत आली, तीच पुढे जपानी कारखान्यांनी उचलली. तिच्या चार पायऱ्यांत शेवटची पायरी शिकवून झाल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन बघण्याची आहे. सल्लागाराच्या स्लाइडवर ती होती, फळ्यावर नव्हती. फोन केला तर म्हणाला, फेरआढाव्याचे पैसे वेगळे पडतील. मी दिले नाहीत.

जूनपासून प्रत्येक वर्तुळाखाली शेवटचं काम केल्याची तारीख लिहितो. ४५ दिवस हात लागला नाही तर पाव भाग पुसतो. पहिल्यांदा पुसलं तेव्हा दोघं नाराज झाले. आता तेच शनिवारी येऊन विचारतात, "शेठ, माझी सेटिंगची पाळी कधी?"

सगळ्यांना सगळं शिकवायचं हे माझं आधीचं मतही सोडलं. पॅकिंग कोणीही दोन तासांत शिकतं, त्याला वर्तुळ कशाला? सेटिंग, फायनल इन्स्पेक्शन आणि ग्राइंडिंग या तीनच जागांना मुख्य माणूस सोडून दोघं तयार ठेवतो. सेटरला सुरुवातीला वाटलं की आपली गरज संपणार. त्याला शिकवण्याचा महिन्याला १,५०० रुपये भत्ता दिला, त्यानंतर तो मोकळेपणाने शिकवायला लागला. या खर्चात काटकसर करू नका.

आणि डीबरिंगच्या, म्हणजे कापताना कडेला उरलेली धातूची कोर (बर) घासून काढणाऱ्या मावशी! त्यांना इन्स्पेक्शन शिकवलं ते फक्त रजेची सोय म्हणून. महिन्याभरात त्या लेथवर जाऊन सांगायला लागल्या, "बर जाड यायला लागली, इन्सर्ट बघ." इतकी वर्षं ती बर त्या मुकाट्याने घासत होत्या, कारण ती कशाने वाढते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता माप बाहेर जायच्या आधी इन्सर्ट बदलला जातो. सल्लागाराच्या कुठल्याच तक्त्यात हे नव्हतं. मला सगळ्यात जास्त आनंद याचा आहे.

फळा घेणार असाल तर चिकटवायच्या स्टिकरचा घेऊ नका, मार्करने लिहून पुसता येईल असा साधा पांढरा घ्या. यंदाही सेटरने आठ दिवसांची रजा टाकली आहे. मी मंजूर केली. त्या मुलाचं वर्तुळ सध्या अर्धं आहे, गणपतीपर्यंत त्याच्या हातून चार सेटिंग करून घ्यायच्या आहेत.